पाठराखिणीची बोळवण

मिरजेच्या त्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या दालनात, आया एकमेकींना नावानं ओळखत नसत, मोज्यांवरून ओळखत. निळ्या मोज्यांची आई, घुंगरू शिवलेल्या मोज्यांची आई, बापाचे ऑफिसचे मोजे कोपरापर्यंत चढवलेल्या पोराची आई. मोजे पायात नव्हेत, हातात. तिथं येणाऱ्या प्रत्येक लेकराला एकच दुखणं होतं. यकृतातलं पित्त बाहेर पडायचं तिथून पडत नसे, ते रक्तात उतरे, आणि मग अंगाला अशी खाज सुटे की पोर झोपेतही स्वतःला ओरबाडून काढी.

केतकी उपळेकरची जुई तीन वर्षांची होती. तिनं जन्मापासून एकदाही सलग दोन तास झोप घेतली नव्हती, त्यामुळं केतकीनंही नाही. केतकी रसायनशास्त्राची पदवीधर. लग्नानंतर सांगलीला आली तेव्हा शिकवण्या घ्यायचा बेत होता. आता ती सकाळ-संध्याकाळ जुईच्या बोटातून रक्ताचा थेंब काढी, तळहाताएवढ्या यंत्रात घाली आणि पित्ताचा आकडा कॅलेंडरवर लिही. जुईचे डोळे किती पिवळे आहेत हे ती खिडकीशी नेऊन बघे. मग पुन्हा बघे. नवरा, श्रीधर, म्हणे, “अगं, तासाभरात रंग बदलत नाही.” तिला वाटे, आपण नजर काढली की बदलेल.

वैजू भेटली ती याच दालनात. वैजयंता नाव, आटपाडीकडची, पंचविशीची. तिची सहा वर्षांची पोर खाजेमुळं एक क्षण जागेवर ठरत नसे, म्हणून अख्खं गाव तिला बिजली म्हणे. पहिल्याच दिवशी वैजूनं केतकीच्या मांडीवरची वही पाहिली आणि विचारलं, “आक्का, काय लिव्हतीस एवढं? पोरगी परीक्षेला बसलीय का तू?”

“आकडे लिहिते. डॉक्टरांना दाखवायला.”

“डाक्टरीणबाईकडं आकडे लई हायती. तू जरा डोळा मिट. मी बघते पोरीकडं.”

आणि केतकी खरंच बसल्या जागी वीस मिनिटं झोपली. उठली तेव्हा जुई वैजूच्या मांडीवर होती आणि वैजू तिची पाठ ओल्या पंचानं टिपत होती. मैत्री म्हणतात ती त्या वीस मिनिटांत झाली. दोघींच्या मुलींच्या जनुकातली चूक अगदी एकच आहे हे नंतर तपासणीत निघालं, तेव्हा वैजू म्हणाली, “बघ, बहिणीच निघाल्या की गं पोरी.”

डॉ. नाझनीन मुल्ला फटकळ बाई. एके दिवशी त्यांनी केतकीला आत बोलावून तिच्यापुढं कागद टाकला.

“नवा उपचार सुरू करतोय. पालकांना कळेल असं माहितीपत्रक हवंय. यंत्रानं मराठी करून दिलंय ते बघ. ‘पटल-वाहक प्रथिनाच्या सहउपघटकाद्वारे स्थैर्यवर्धन.’ आहे का कुणाची छाती वाचायची? तू लिही. तू शिकलेलीही आहेस आणि यांच्यातलीही.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. प्रत्येक पेशीला भिंत असते आणि भिंतीत दारं असतात. पित्त बाहेर टाकायचं दार म्हणजेही एक प्रथिन. पण ते भिंतीत तयार होत नाही, पेशीच्या पोटात तयार होतं, लांबलचक धाग्यासारखं. धाग्याला नीट घड्या पडल्या तर दार, नाही तर नुसता गुंता. त्यातून त्याचे बरेच भाग तेलकट, पाण्याला भिणारे. एकटं सोडलं तर ते भलतीच घडी घालून बसतं. म्हणून दुसरं एक लहान प्रथिन त्याला धरतं. घडी पडेपर्यंत आधार देतं, भिंतीपर्यंत बरोबर जातं आणि दार बसलं की त्याला धरून शेजारीच राहतं. या जोडीदाराशिवाय निघालेल्या दाराला पेशीचे तपासनीस पुढं सोडत नाहीत, तिथंच मोडीत काढतात.

“तुमच्या मुलींचं दार जरासं वाकडं आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “जन्मजात जोडीदाराची पकड त्याला पुरत नाही. आम्ही घट्ट पकडीची जोडीदार बनवलीय. तिची नुसती कृती चरबीच्या थेंबात घालून टोचायची. यकृत ती वाचतं आणि जोडीदार स्वतःच बनवतं. पण ती फार टिकत नाही, म्हणून दर आठवड्याला एक कुपी.”

केतकीनं ते पत्रक स्वयंपाकघराच्या ओट्यावर लिहिलं. जुई खाली गार पाण्याच्या टबात बसली होती. सोबती लिहून बघितलं, जोडीदार लिहून बघितलं, काही जमेना. मग तिला स्वतःचं लग्न आठवलं. सांगलीच्या घरात पहिले पाच दिवस तिची मावसबहीण पाठराखीण म्हणून राहिली होती. न्हाणीघर कुठं, सासूबाईंना चहा कसा लागतो, हे तीच आधी विचारून घेई आणि केतकीच्या कानात सांगे. केतकीची लेखणी धावली. ‘दार म्हणजे नवरी. एकटी निघाली तर वाटेतच बावरते, धड सासरी पोचतच नाही. तिच्याबरोबर पाठराखीण द्यावी लागते.’ आठ मुद्दे असे झरझर उतरले. नवव्याला जुई टबात रडायला लागली. केतकीनं यंत्राचंच वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि पोरीला उचललं. ‘दोन मात्रांमध्ये दहा दिवसांहून अधिक खंड पडल्यास शरीराची प्रतिकारयंत्रणा सदर प्रथिनास परके मानण्याची शक्यता असून पुनश्च उपचार निष्प्रभ ठरू शकतो.’

डॉ. मुल्लांना पत्रक आवडलं, पण त्या एका शब्दाशी थबकल्या. “आमच्यातही नवरीबरोबर कुणी तरी जातं गं. पण चार दिवसांनी परत येतं. ही परत यायची नाही. ही गेली की दार मोडलं.”

“ते नवव्या मुद्द्यात आहे ना. आणि इतकं कोण धरून बसतंय, डॉक्टर? आधी सुई तर टोचून घेऊ देत.”

डॉक्टर हसल्या आणि त्यांनी सही केली. पंधरा दिवसांत तो शब्द दालनभर झाला. ‘तुमच्या पोराला कधी मिळणार पाठराखीण?’ असं आया एकमेकींना विचारू लागल्या. केतकीला, खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

पहिल्या खेपेला अकरा मुलं घेतली. प्रत्येकाला वीस कुप्या. अट एकच, वजन दहा किलोच्या वर हवं. बिजली अटीत बसली. जुई भरली नऊ किलो सहाशे.

“मोजे काढून बघा,” केतकी म्हणाली.

“मोजे काढल्यावर वाढेल का ते?” परिचारिका म्हणाली.

वैजूनं बाहेर तिला कोपरानं ढोसलं. “पोरीला तूप घाल, शेंगदाण्याची चटणी घाल. नुसती पुस्तकं नको घालू.”

पाच आठवड्यांनी जुई दहा किलोंवर गेली, पण तोवर खेप संपली होती. पुढची दिवाळीनंतर, म्हणजे चार महिन्यांनी. आणि जुईचं यकृत थांबायला तयार नव्हतं. डॉ. मुल्लांनी पडद्यावर दाखवलं. मऊ भाग, निबर होत चाललेला भाग, आणि एक रेघ. “या रेघेपलीकडं गेलं की आमचा उपचारही चालत नाही. दिवाळीपर्यंत... बघू.”

त्या दिवसापासून केतकी कॅलेंडरवर दिवाळीपर्यंतचे आठवडे मोजू लागली.

इकडं बिजलीचा आकडा तीनशेवरून उतरत होता. वीसही कुप्यांची थंड पेटी एकदाच ड्रोननं उडत येऊन गावच्या उपकेंद्राच्या गच्चीवर उतरली होती आणि तिथली परिचारिका दर शुक्रवारी सुई टोचे. सातव्या आठवड्यात वैजूचा फोन आला. ती रडत होती.

“काय झालं गं?”

“झोपलीया. काल दिवस मावळायला झोपली ती आता उठली. मी चार येळा नाकापुढं हात धरून बघितला, श्वास हाय का नाही ते.”

केतकीनं अभिनंदन केलं. मनापासून केलं. फोन ठेवल्यावर मात्र तिनं जुईच्या पाठीवरचे ओरखडे पुन्हा मोजले.

बारा कुप्या झाल्या आणि तेराव्या शुक्रवारी दुपारी वैजूचा बोललेला निरोप आला. केतकी तेव्हा जुईची नखं कापत होती. तिनं निरोप चालू केला.

“आक्का, बिजलीचा आकडा नवावर आला बघ. निरोगी लेकरावानी. नवरी नांदायला लागली म्हणायची! मग म्हटलं, पाठराखिणीला किती दिस ठिऊन घ्यायचं? आमच्यात नवरी रुळली की तिला खण-नारळ देऊन बोळवत्यात. ठिऊन घेतली तर म्हायेरची मान्सं नावं ठेवत्यात. आज सुई न्हाई घेतली. उरलेल्या आठ कुप्यांच्या पेटीला हळदकुंकू लावलं, वर खण ठेवला आणि केंद्रातल्या नर्सबाईला सांगितलं, मिरजेला परत धाडा, माझ्या आक्काच्या पोरीला होतील. बाई म्हटली, तसं लिहून दे, दिलं लिहून. नवी हाय बिचारी, तिला काय म्हाईत. मी चालले बहिणीकडं, अथणीला, बारशाला. माझा फोन तिकडं लागायचा न्हाई. जुईचा मुका घे.”

केतकीनं निरोप दोनदा ऐकला. पहिल्यांदा ऐकताना तिला हसू आलं, दुसऱ्यांदा ऐकताना तिनं नखं कापणं थांबवून दिवस मोजले. मागची सुई गेल्या शुक्रवारची. सात दिवस झालेले. दहाला अजून तीन बाकी. अथणीच्या बहिणीचा नंबर केतकीकडं होता. वैजूनं गेल्या उन्हाळ्यात त्यावरूनच तिला बहिणीचं नवं घर दाखवलं होतं. एक फोन लावायचा होता, एवढंच. तिनं फोन हातात घेतला. तेवढ्यात जुईनं कापायची राहिलेली दोन नखं गालात रुतवली.

आठ कुप्या. दिवाळीपर्यंत पुरल्या असत्या.

संध्याकाळी लावू, असं तिनं ठरवलं. संध्याकाळी ठरवलं, उद्या.

शनिवारी सकाळी डॉ. मुल्लांचाच फोन आला. “वैजयंताची पेटी परत आलीय. पालकांनी स्वेच्छेनं उपचार थांबवला, असं पत्र आहे. वरती खण काय, कुंकू काय! तुला काही बोलली का ती?”

“नाही,” केतकी म्हणाली.

“तिचा फोन लागत नाही. गावातल्या आशाताईंना पाठवलं, घराला कुलूप. तुझ्याकडं तिचा दुसरा कुठला नंबर आहे? सोमवारच्या आत गाठलं पाहिजे तिला.”

जुई खिडकीत बसून मोजा दातांनी ओढत होती. ऊन तिच्या डोळ्यांत पडलं होतं आणि डोळे हळदीसारखे दिसत होते.

“नाही,” केतकी म्हणाली. “दुसरा नंबर नाही माझ्याकडं.”

डॉक्टरांचा आवाज कामाचा झाला. “ठीक आहे. आम्ही शोधतो. पेटीतल्या नोंदयंत्रानुसार थंडावा कुठंही तुटलेला नाही. सोमवारपर्यंत ती आली नाही तर कुप्या यादीतल्या पुढच्या मुलाला द्याव्या लागतील. पुढची जुई आहे. सोमवारी दुपारी तीनला घेऊन ये.”

रविवार कसा गेला हे केतकीला पुढं कधीच नीट आठवलं नाही. तिनं पुरणपोळ्या केल्या एवढं आठवे. श्रीधर म्हणाला, “आज काय विशेष?” ती म्हणाली, “जुईचा नंबर लागला.” तो लहान मुलासारखा नाचला. मग थांबून म्हणाला, “पण खेप तर दिवाळीनंतर होती ना? या कुणाच्या कुप्या?”

“परत आलेल्या.”

“परत? असं कोण परत करतं?”

तिनं त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

सोमवारी तीन वाजता जुईला सुई टोचली. मंगळवारी सकाळी, अकराव्या दिवशी, केतकीनं अथणीचा नंबर लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला. मागं बायकांचा गलका होता.

“आक्का? अगं, हितं कसा काय केलास? बिजली बघ, चिंचंवर चढून बसलीया, उतरायला तयार न्हाई.”

“वैजू, ऐक. असशील तशी निघ. मिरजेला ये. सुई बंद करायची नसते गं. कायमची असते ती.”

वैजू म्हणाली, “कायमची? पर पाठराखीण तर...”

“निघ तू आधी.”

वैजू दुपारी चारला पोचली, पोरीला कडेवर घेऊन, बारशातल्या साडीतच. राखीव साठ्यातल्या दोन कुप्या होत्या, डॉ. मुल्लांनी त्यातली एक लगेच टोचली. रात्रीतून बिजलीला ताप भरला, अंगावर गांधी उठल्या. आठ दिवसांनी दुसरी टोचली तेव्हा तर श्वास अडकला. रक्त तपासलं. बारा आठवडे रोज दिसणारी ती जोडीदार बिजलीच्या शरीरानं घरची म्हणून सोडून दिली होती. मध्ये ती नाहीशी झाली आणि परत आली, तशी पहारेकऱ्यांनी तिला चोर ठरवलं. आता जितक्या वेळा पाठवाल तितक्या वेळा तिला मारणार, आणि मारता मारता पोरीलाही. भिंतीतली दारं तर सुई चुकली त्या आठवड्यापासूनच एकेक करून निखळत होती.

“दहाव्या दिवशी आली असती तर?” केतकीनं डॉक्टरांना विचारलं. तिला उत्तर माहीत होतं.

“तर बहुतेक काहीच झालं नसतं,” डॉ. मुल्ला म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. “ती नवी परिचारिका, मी, ते पत्रक. कुणाकुणाला बोल लावणार? मी तुला सांगितलं होतं की तो शब्द... जाऊ दे. सही माझीच होती.”

केतकी तिथं बोलली असती तर बोलली असती. पण जुईचा आकडा त्या दिवशी पहिल्यांदाच दोनशेच्या खाली आला होता, आणि यादीतून नाव काढायला किती वेळ लागतो हे तिला ठाऊक नव्हतं. ती घरी आली. पुढचे सात महिने ती घरी येतच राहिली.

सात महिन्यांत जुईला केस आले, गालांवर मांस आलं. बिजली वाळत गेली. तिचं यकृत त्या रेघेच्या पार गेलं आणि बदलण्यावाचून मार्ग उरला नाही. वैजूचं जुळलं. तिच्या यकृताचा तुकडा काढून पोरीला बसवायचा, असं ठरलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी केतकी गेली. वैजू हिरव्या झग्यात पलंगावर बसली होती. मंगळसूत्र काढून ठेवलेलं, म्हणून गळा उघडा आणि फार लहान दिसत होता. नवरा खाली रक्तपेढीत गेला होता.

“ये आक्का. बस. डबा कशाला आणलास? मला पाणीसुदिक न्हाई आज.”

“तुझ्या मालकांना.”

“खातील ते.” वैजूनं पायापाशी जागा केली. “एक सांगू? मी रोज तुझं पत्रक काढून वाचते. नववा मुद्दा. आता पाठ झालाय. ‘सदर प्रथिनास परके’. एवढा एक मुद्दा तवाच कुणाला तरी विचारला असता तर! अडाणी ती अडाणीच. तू फोन केलास म्हणून निदान कळलं तरी. न्हाई तर मी महिनाभर बहिणीकडं बसले असते.”

केतकीला वाटलं, आता उठावं, तिच्या केसांवरून हात फिरवावा आणि जावं. वैजूनं स्वतःला लावलेला बोल तिच्यावरच राहील, आपला आपल्यावर. बाहेर ढकलगाडीची चाकं वाजली.

“वैजू,” ती म्हणाली, “तुझा निरोप मला शुक्रवारीच मिळाला होता. निघालीस त्याच दुपारी. मी ऐकला. दोनदा ऐकला.”

वैजूनं पाय पोटाशी ओढून घेतले.

“शनिवारी डॉक्टरांनी विचारलं, दुसरा नंबर आहे का. मी नाही म्हणाले. जुईला सुई मिळाल्यावर तुला फोन केला.”

शेजारच्या पलंगावर कुणीतरी नातेवाइकाला पाणी मागत होतं. वैजूनं झग्याची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

“तवाच फोन केला असतास,” तिनं हळूच विचारलं, “तर कुप्या जुईला मिळाल्या असत्या?”

“नसत्या.”

“आणि जुई?”

“दिवाळीपर्यंत... डॉक्टर म्हणाल्या होत्या, बघू.”

वैजूनं मान हलवली, हिशोब पटल्यासारखी. केतकीला क्षणभर आशा वाटली. आता ती म्हणेल, तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. आईच्या जातीला तेवढं तरी म्हणता येतं.

“मी केला असता फोन,” वैजू म्हणाली.

आवाजात राग नव्हता. आठ कुप्या धाडणाऱ्या बाईनं आपल्याविषयी एक साधी गोष्ट सांगितली होती, आणि ती खरी होती हे केतकीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

ढकलगाडी आली. वैजू स्वतःच चढून आडवी झाली. परिचारिकेनं पांघरूण घातलं. दाराशी गाडी वळताना वैजूनं मान उचलली. “मला आधी नेतायत. बिजलीला तासाभरानं. ती पलीकडच्या खोलीत एकटी हाय. बस जा तिच्याजवळ.”

“मी?”

“दुसरं कोण हाय हितं?”

पलीकडच्या खोलीत बिजली उशीला टेकून बसली होती. पोट टणक फुगलेलं, हातापायांच्या काड्या, डोळ्यांतला पांढरा रंग पार गेलेला. ती एका पायाच्या टाचेनं दुसरी पोटरी संथपणे घाशीत होती. थांबत नव्हती, जोरही करत नव्हती, सवयीनं चाललं होतं. केतकीनं तिचा पाय मांडीवर घेतला आणि तळव्यानं चोळायला सुरुवात केली.

“मावशी, जुई न्हाई आली?”

“घरी आहे.”

“तिला अजून खाज सुटती?”

“नाही.”

बिजलीनं थोडा विचार केला. मग तिनं विचारलं, “खाज नसली की कसं वाटतं, मावशी? मला वाटायचं तसं. आता इसरले मी.”

केतकी पोटरी चोळत राहिली. खिडकीतून दवाखान्याचं आवार दिसत होतं, कुणीतरी ओले पंचे वाळत घालत होतं. पोर उत्तराची वाट बघत तिच्या तोंडाकडं बघत होती.